मी मागाहून बसते

१

मल्लेश्वरमच्या पंधराव्या क्रॉसवर, पहिल्या मजल्यावरच्या त्या घरात दुपारचं जेवण साडेबाराला होई आणि ते विद्या वाढे. यात सांगण्यासारखं काही नाही. सांगलीहून लग्न होऊन ती इथे आली त्याला चोवीस वर्षं झाली, आणि चोवीस वर्षं ती वाढतच होती. आधी सासू-सासरे, ते गेल्यावर नवरा आणि मुलगी. "तू पण बस की," असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: "तुम्ही बसा, मी मागाहून बसते." मागाहून म्हणजे सगळी झाकपाक झाल्यावर, ओट्याशी उभ्या उभ्या, कुकरच्या भांड्यातच भात कालवून चार घास. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायलाही माणसाला जरा टेकावं लागतं.

गेलं दीड वर्ष मात्र हे वाढण्याचं साधं काम तिच्या जिवावर आलं होतं. कस्तुरी, तिची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, जेवेनाशी झाली होती. एका दिवसात नव्हे. आधी भात सुटला, मग पोळी, मग टेबलाशी येऊन बसणंच सुटलं. त्यापाठोपाठ कॉलेज. सुरुवातीला विद्याला वाटलं नखरे आहेत, मग वाटलं दृष्ट लागली, मग डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार आहे आणि त्याला नाव आहे. नाव कळल्याने थकवा जात नाही. दिवसातून तीनदा ताट वाढायचं, पोरीच्या खोलीत न्यायचं, तिने भिंतीकडे बघत बसायचं, आपण ताटाकडे बघत बसायचं, आणि तासाभराने ते जसंच्या तसं उचलून आणायचं. रागावून झालं, रडून झालं, शेवटी एकदा पोटच्या पोरीच्या पायाही पडून झालं. विद्याने हात टेकले होते.

तिचा नवरा पद्मनाभ यशवंतपूरच्या पुढे एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होता. माणूस वाईट नव्हता. संध्याकाळी आला की बूट काढता काढता विचारे, "काही खाल्लं का?" हा प्रश्न मुलीबद्दल असे. विद्या कधी "दोन चमचे" म्हणे, कधी नुसती मान हलवे, आणि तो वर्तमानपत्र उघडून बसे. तोही दमलेलाच होता. त्या घरात न दमलेलं कुणी राहिलं नव्हतं.

२

क्लिनिक घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. तिथली मानसोपचारतज्ज्ञ देवश्री, नागपूरची, तीन वर्षांपूर्वी बंगळूरला आलेली. आपल्या भाषेत बोलणारी डॉक्टर मिळाली याचंच विद्याला निम्मं समाधान होतं.

"काकू," देवश्री म्हणाली, "तिला जेवणाची भीती आहेच, पण त्याहून जास्त तुमच्या त्या टेबलाची भीती बसलीय. तिथे भांडणं झालीत, रडारड झालीय. आपण तेच टेबल तिला आधी सेफ जागी देऊ. तिथे कुणी तिला काही म्हणणार नाही. बसायची सवय झाली की मग खरं टेबल."

"सेफ जागी म्हणजे कुठे?"

देवश्रीने खणातून एक काळा डबा काढला, डोळ्यांवर बांधायचा. तो लावला की माणूस दुसऱ्याच खोलीत जातं, असं तिने सांगितलं. बऱ्याच पेशंटना याचा उपयोग होतो, पण सगळ्यांना होईलच असं नाही, हेही सांगितलं. विद्याला तिचा हा प्रामाणिकपणा आवडला. आणि आता वेळ अशी आली होती की कुणी लिंबू-मिरची बांधा म्हटलं असतं तरी तिने बांधली असती.

शनिवारी भर दुपारी क्लिनिकचा जितेंद्र खोलीचे फोटो काढायला आला. तिशीचा, चष्मेवाला, कामाला चोख. जेवणाच्या खोलीचा कोपरा न् कोपरा त्याने टिपला, खोलीचा आवाज म्हणून एक मिनिटभर नुसतं रेकॉर्डिंग केलं, आणि मग लॅपटॉप मांडीवर घेऊन विचारलं, "काकू, टेबलावर किती जण बसता?"

"दोघं. हे आणि कस्तुरी. एखादा पाहुणा आला तर तिसरा."

"आणि तुम्ही?"

"मी वाढते."

त्याने ते लिहून घेतलं. मग स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता, वर्षानुवर्षं होता. विद्या ओशाळली. "अय्या, ती कपड्यांची," असं म्हणत तिने ढिगासकट खुर्ची उचलली आणि बेडरूममध्ये नेऊन ठेवली. फोटोत पसारा कशाला. राहिल्या तीन खुर्च्या.

"स्वयंपाकघराचे नाही काढायचे?" तिने विचारलं. तिने मुद्दाम सकाळी ओटा घासून ठेवला होता.

"नाही काकू. पेशंट तिकडे जात नाही ना. दारापर्यंतच लागतं."

३

देवश्रीने तो डबा घरी दिला. रोज दुपारी जेवणाच्या वेळी वीस मिनिटं. कस्तुरीने आपल्या खोलीत पलंगावर बसायचं आणि डबा डोळ्यांना लावायचा. तिला जे दिसेल ते विद्याच्या हातातल्या टॅबलेटवर दिसणार. विद्याने फक्त बघायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही. हा नियम तिला फार जड गेला नाही, कारण बोलून बोलून तिचा घसा कधीच बसला होता.

पहिल्या दिवशी तिला हसूच आलं. खोली अगदी आपली. भिंतीवरचं सराफाचं कॅलेंडर, फ्रीजवर बिस्किटांचा डबा, भिंतीला तेलाच्या हाताचा डाग, तो तिने इतकी वर्षं पुसायचं म्हणून ठेवला होता. घड्याळ बारा चाळीसवर थांबलेलं. टेबलावर ताट यायचं ते क्लिनिकच्या यादीतलं, इडली नाहीतर पुलाव, आणि कुणाच्याच घरचं नसलेलं एक पिवळंजर्द वरण. मागे तो एका मिनिटाचा आवाज पुन्हा पुन्हा फिरत राही: पंखा, खाली "सोप्पू" म्हणून ओरडणारी पालेभाजीवाली, लांबून यशवंतपूरकडे जाणाऱ्या गाडीची शिटी. आणि मधेच बांगड्या वाजल्याचा आवाज. त्या दिवशी आपण आत आधणाचं पातेलं उतरवत होतो, त्याच या बांगड्या, हे विद्याच्या लक्षात आलं.

एवढंच, की स्वयंपाकघराचं दार काळं होतं. आतले फोटो नव्हते त्यामुळे चौकटीपलीकडे काही नव्हतंच. दिवा घालवल्यावर असतो तसला अंधार नाही. तिथे नुसतं काही नव्हतं. कस्तुरीची मान तिकडे वळली की विद्याला जरा कसंतरी व्हायचं.

आठवडाभर कस्तुरी नुसती त्या टेबलाशी बसून आली. एक दिवस डबा काढताना ती म्हणाली, "आई, बरं झालं चौथी खुर्ची ठेवली ते. आधी उगाच बोडकं वाटत होतं."

विद्याने टॅबलेट पुन्हा नीट बघितला. खुर्ची होती. स्वयंपाकघराच्या दाराजवळ, नेहमीच्या जागी, कपड्यांच्या ढिगाशिवाय. एका पायाला पद्मनाभने गुंडाळलेला रबराचा तुकडासुद्धा होता.

तिने जितेंद्रला फोन लावला.

"तीनच आहेत काकू," तो म्हणाला. "फाईल माझ्यासमोर उघडीच आहे. थांबा, फोटो पाठवतो." त्याने पाठवलेल्या फोटोत तीन खुर्च्या होत्या. विद्याच्या हातातल्या पडद्यावर चार. मग तिने स्वतःची समजूत घातली, की आपण खुर्ची उचलायच्या आधीच याने एखादा फोटो काढला असणार आणि कुठेतरी तो मिसळला असणार. यंत्रांचं काही सांगता येत नाही. आणि खरं म्हणजे तिला यात डोकं घालायला ताकदच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून पुढची पायरी होती. डोळ्यांना डबा, समोर तिथलं ताट, आणि हातात खरा चमचा, खऱ्या दहीभाताचा. विद्याने वाटी पोरीच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग कस्तुरीने चमचा तोंडात घातला. चावला. गिळला. पुन्हा भरला.

विद्या स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडली. दीड वर्षात पोरीने कुणी न सांगता घेतलेला तो पहिला घास होता.

डबा काढल्यावर तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आज कसं काय गं जमलं?"

"ती घेते ना आधी," कस्तुरी म्हणाली. "मग मी घेते."

"ती कोण?"

कस्तुरीने तिच्याकडे जरा नवलाने बघितलं. "तू."

४

क्लिनिकमध्ये वजन करताना पेशंटला काट्याकडे पाठ करून उभं करत. आकडा तिने बघायचा नाही, फक्त डॉक्टरने आणि आईने बघायचा. तीन आठवड्यांनी विद्याने तो आकडा बघितला, वाढला होता; खात्रीसाठी तिने वाकून पुन्हा बघितला. देवश्रीने तिचा दंड दाबला. ती डॉक्टर एरवी फार हसत नसे, त्या दिवशी हसली.

कस्तुरीला बाहेर बसवून विद्याने विचारलं, "मला एक सांगा, त्या खोलीत तुम्ही माझं चित्र घातलंय का?"

"नाही काकू. आम्ही माणसं घालतच नाही. फक्त खोली."

"तिला मी दिसते म्हणते. जेवताना."

देवश्रीने पेन खाली ठेवलं. "हे होतं कधीकधी. रिकामी खुर्ची दिसली की मन तिथे कुणालातरी बसवतं. आणि तिने तुम्हाला बसवलं, ही तर चांगलीच गोष्ट आहे. मागे तिने मला एक सांगितलं होतं, तुम्हाला सांगू का? वाईट वाटून घेऊ नका."

"सांगा."

"ती म्हणाली, मी आईला जेवताना कधी बघितलंच नाही. लहानपणी तिला वाटायचं, चांगल्या बायका जेवत नाहीत."

खाली रस्त्यावर एक रिक्षावाला कुणाशी तरी मीटरवरून हुज्जत घालत होता. विद्याच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण गरमागरम वाढलं, आणि पोरीने त्यातून हे घेतलं.

"तुमचा काही दोष नाही यात," देवश्री घाईने म्हणाली. "हा आजार एका गोष्टीने होत नाही. पण आता जमलं तर तिच्यासोबत बसून जेवा. खरोखरच्या टेबलावर." मग विद्याच्या मनगटाकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही स्वतः जेवताय ना, काकू?"

"हो तर," विद्या म्हणाली, आणि कोपराकडे घसरलेल्या बांगड्या खाली ओढल्या.

५

ती जेवत नव्हती. मुद्दाम नव्हे, तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. अडीच वाजता ओट्याशी उभी राहून ती भात कालवायची आणि पहिल्याच घासाला पोट भरल्यासारखं व्हायचं. जिभेवर तोंडली-भाताची चव आधीच असायची, जेवण होऊन पंधरा मिनिटं झाल्यासारखी. ढेकरसुद्धा यायची. ब्लाऊज सैल झाले तेव्हा तिने ते आत घेतले. पोरगी खातेय या आनंदानेच पोट भरत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आया असं म्हणतातच. फक्त त्या असं म्हणतात तेव्हा त्यांना ढेकर येत नाही.

आता ती टॅबलेट डोळ्यांजवळ धरून बघू लागली. चौथ्या खुर्चीसमोर ताट असे. कस्तुरीची मान क्षणभर तिकडे वळे आणि परत फिरे, तेवढ्यात जे दिसेल ते. एका मंगळवारी विद्याने गवारीची भाजी केली होती, थोडा गूळ आणि दाण्याचं कूट घालून, आईकडची पद्धत. पडद्यावर कस्तुरीसमोर क्लिनिकची इडली होती. चौथ्या ताटात गवारीची भाजी होती. वर मीठ, डावीकडे लिंबाची फोड आणि चटणी, मधे भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. जितेंद्रला सांगलीच्या गवारीत गूळ असतो हे कुठून कळणार? आणि कळलं तरी आज गवार आहे हे कसं कळणार? भाजी आत्ता अर्ध्या तासापूर्वी उतरवली होती, कढई अजून गरम होती.

कस्तुरीने पुन्हा वळून बघितलं. मुदीला एका बाजूने खड्डा पडला होता.

विद्याने कान दिला. पंखा, सोप्पूवाली, शिटी. बांगड्या. पण आता त्या मिनिटातून एकदा वाजत नव्हत्या. वाजत होत्या, थांबत होत्या, पुन्हा वाजत होत्या, घास उचलणाऱ्या हातातल्या बांगड्या वाजाव्यात तशा. मग पाण्याचा पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

त्या दिवशी तिला एवढंच दिसलं: एक कोपर, सुती साडीचा काठ, आणि वरणभात कालवणारी बोटं. साडी तिचीच होती, निळी. ती आत्ता तिच्या अंगावर होती. पण ती बाई ज्या पद्धतीने कालवत होती ती विद्याची नव्हती. ती निवांत होती. गॅसवर काही नव्हतं तिचं, दारात कुणी नव्हतं, कुणाला काही हवं-नको बघायचं नव्हतं. विद्याने स्वतःला असं बसलेलं जन्मात पाहिलं नव्हतं.

पलंगावर कस्तुरी शांतपणे खात होती. वाटीतली भाजी संपत आली होती.

६

हे पद्मनाभला सांगायचं तिने दोनदा ठरवलं. दुसऱ्यांदा सांगितलंही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "विद्या, पोरगी खातेय. स्वल्प दम धर. आता उगाच त्यात खोड काढू नकोस." त्याचे डोळे भरून आले होते. त्याच्यावर रागावताही येईना.

मग तिने देवश्रीने सांगितलं तेच करायचं ठरवलं. त्या खुर्चीत जर आपणच दिसतोय, तर आपण जाऊन बसावं, म्हणजे प्रश्नच मिटला. इतकी साधी गोष्ट. बुधवारी तिने बेडरूममधली खुर्ची कपडे काढून बाहेर आणली, दोन ताटं वाढली आणि कस्तुरीला हाक मारली. "आज डबा नको. आपण दोघी इथे बसू."

कस्तुरी आली. कित्येक महिन्यांनी त्या टेबलाशी आली. विद्या समोर बसली, भात कालवला, घास उचलला. आणि कुकरचं झाकण नीट लावलं नाही हे तिला आठवलं. लावून आली. बसली. मीठ घ्यायचं राहिलं होतं. आणून बसली. ताक फ्रीजमध्येच राहिलं होतं. दर वेळी ती उठे आणि दर वेळी कस्तुरी हातातला चमचा खाली ठेवी. चौथ्या वेळी विद्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली. काही झालं तरी उठायचं नाही. घास तोंडात घातला तो घशाखाली उतरेना. पाठ ताठ झाली, कानात दडे बसले. आत गॅस चालू आहे, आत काहीतरी लागतंय, आत कुणीतरी हाक मारतंय असं वाटत राहिलं. गॅस बंद होता. हे तिला माहीत होतं. तरी ती उठली.

परत आली तेव्हा कस्तुरीने ताट बाजूला सारलं होतं. तिचा चेहरा पुन्हा जुना झाला होता, भिंतीकडे बघणारा.

त्या रात्री ती जेवली नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. डबा लावून बसली तर पाच मिनिटांत काढून ठेवला. "आज कोणी नाही," म्हणाली. पडद्यावर तीन खुर्च्या होत्या. शनिवारी सकाळी न्हाणीघराच्या दारात तिला भोवळ आली आणि पद्मनाभने तिला उचलून आणली. एकोणीस वर्षांची पोर, आणि उचलताना त्याला जोर लावावा लागला नाही. ते बघून तो दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा राहिला.

दुपारी विद्या तिच्या उशाशी बसली. "कस्तुरी, बाळा, मी काय करू सांग. तू म्हणशील ते करते."

कस्तुरीने तिचा हात हातात घेतला. कुठे राग नव्हता, उलट मायाच होती. ती म्हणाली, "आई, तू नको ना बसूस. तुला नाही जमत. तू आत असलीस की मग तिला बसता येतं."

 खिडकीतून बाहेरच्या गुलमोहराची फांदी दिसत होती, विद्या तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. बसू दे तिला."

उठून ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने कस्तुरीच्या खोलीतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. पाठोपाठ बांगड्यांचा. विद्याने आपल्या हाताकडे बघितलं. सैल होतात म्हणून बांगड्या तिने काल काढून ठेवल्या होत्या.

७

दोन महिन्यांनी देवश्रीचा फोन आला, की सोमवारी हेडसेट परत आणून द्या, आता त्याची गरज नाही. कस्तुरीच्या गालांवर रंग आला होता. तिने कॉलेजचा फॉर्म भरला होता. देवश्री फोनवर म्हणाली, "तुमची खरंच कमाल आहे काकू. ती सांगते, तुम्ही रोज तिच्यासोबत बसून जेवता." विद्याने "हो" म्हटलं. फोन ठेवला तरी तिचा हात कानाशीच होता.

रविवारी पद्मनाभ घरी होता. कस्तुरीनेच टेबल पुसलं, चौथी खुर्ची ओढून घेतली, तीन पेले भरले. विद्याने डाळिंब्यांची उसळ केली होती, भात, वरण, काकडीची कोशिंबीर. ताटं वाढून तिने भाताच्या पातेल्यासकट बाहेर नेऊन ठेवली, कुणी "बस" म्हणालं नाही, आणि ती पोळ्या लाटायला आत आली. डोक्यावर ट्यूबलाईट चालू होती, जुनी, घूं करणारी.

बाहेर खुर्च्या सरकल्या. एक, दोन. मग तिसरी, रबर लावलेल्या पायाची, ती वेगळी वाजते.

"बरं वाटतं बघ असं बसलीस की," पद्मनाभ म्हणाला. "इतकी वर्षं नुसती आत."

कुणीतरी हसलं. विद्याला ते हसणं ओळखू यायला वेळ लागला. कारण स्वतःचं हसणं माणूस फारसं ऐकत नाही, आणि तिने तर हल्ली मुळीच ऐकलं नव्हतं.

लाटणं तसंच ठेवून ती दारापर्यंत आली. चौकटीच्या आतच थांबली. टेबल चार पावलांवर होतं, पण तिथून ते फार लांब वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घरातलं. पद्मनाभ खाली मान घालून जेवत होता. चौथ्या खुर्चीची पाठ दाराकडे होती. निळी साडी, मानेवर सैल अंबाडा, भात कालवणारा हात. विद्याने मान वळवून चेहरा बघायचा प्रयत्न केला नाही. तिची नजर मुलीच्या ताटावर होती. त्यातला भात संपला होता.

"अजून थोडा भात," कस्तुरी म्हणाली.

दीड वर्ष देवापाशी मागितलेले ते तीन शब्द. विद्याचा हात आपोआप पुढे झाला. पण वाढलं त्या दुसऱ्या हाताने. मोठा डाव भरून, वर तूप घालून. कस्तुरीने तो मुकाट्याने कालवायला घेतला. पहिला घास उचलता उचलता तिची मान वर झाली आणि ती दाराकडे बघू लागली, सरळ विद्याकडे. डोळे बारीक करून, आत कुठवर दिसतंय याचा अंदाज घ्यावा तशी.

"अण्णा, किचनमधला लाईट गेलाय का? काहीच दिसत नाही."

पद्मनाभने वळून बघितलं. "गेला असेल. उद्या बघतो."

विद्याने वर पाहिलं. ट्यूबलाईट चालू होती. तिच्या पिठाच्या हातांवर, ओट्यावर, तव्यावर लख्ख उजेड पडला होता.

कस्तुरीचा घास हातातच होता. "आई," तिने विचारलं, "आत कोणी आहे का गं?"

विद्याचे ओठ उघडले. मी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या घासातून वरण ठिबकत होतं आणि पोरीच्या तोंडापासून तो चार बोटांवर होता. आपण बोललो तर तो खाली ठेवला जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ओठ मिटून घेतले.

"कोणी नाही गं," टेबलावरून विद्याचा आवाज आला. "जेव तू."

कस्तुरीने घास तोंडात घातला. चावला, गिळला, आणि दुसरा घेतला.

विद्या ओट्याशी परत आली. गॅस बारीक केला आणि तव्यावरची पोळी उलटली.